वीस पावलं : कंट्रोल लाईन विमान एकट्यानं सोडताना

कंट्रोल लाईनचं विमान म्हणजे तारांना बांधून आपल्याभोवती गोल उडवायचं मॉडेल. ते उडवायला एक माणूस पुरतो, सोडायला मात्र दोन लागतात. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी हा प्रकार पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र असेल : एक कॅडेट विमानाची शेपटी धरून गुडघ्यावर बसलाय, दुसरा मैदानाच्या मधोमध हँडल घेऊन उभा आहे, इंजिन किंचाळतंय. मधल्यानं हात वर केला की शेपटीवाल्यानं सोडायचं. कॉलेज संपतं, शेपटीवाला बंगळुरूला जातो, आणि आपण विमान, मैदान आणि रविवारची सकाळ घेऊन एकटेच उरतो.

मग आपण मैदानावरच्या एखाद्या पोराला हाक मारतो, 'धर रे जरा, मी सांगितलं की सोड.' माझ्या अशा एका मदतनीसानं सोडण्याऐवजी विमान कागदी बाणासारखं वर भिरकावलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. विमान म्हटल्यावर माणूस ते वर फेकणारच. त्या दिवसापासून मी अनोळखी माणसाच्या हातात चालू इंजिन देत नाही. त्याचं बोट गेलं तर ते माझ्यामुळं गेलं म्हणायचं.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर येतात आणि तुमच्या हातातल्या हँडलला जोडलेल्या असतात. हँडल वर-खाली कललं की विमानाच्या पोटातला बेलक्रँक, म्हणजे तारा जोडलेली फिरती पट्टी, फिरतो आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची हलती फळी, वर-खाली होतो. रेडिओ नाही, रिसीव्हर नाही. विमान तुमच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत राहतं आणि तुम्हीही त्याच्याबरोबर फिरता. ही पद्धत लोकांपर्यंत नेली ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरनं, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला. हा गृहस्थ एका वेळी तीन विमानं उडवून दाखवायचा : दोन हातांत दोन आणि तिसरं डोक्याला बांधून. आपल्याला एकच उडवायचंय.

एकट्यानं उडवण्यातला सगळा धोका एका ठिकाणी साठलेला असतो. विमान चालू करून तुम्ही त्याच्याकडं पाठ करता आणि हँडलकडं चालू लागता. १५ मीटरच्या लाईन्स असतील तर ती साधारण वीस पावलं. तेवढा वेळ पूर्ण वेगानं फिरणारा प्रोपेलर कोणाच्याही ताब्यात नसतो. पुढं जे सांगतोय ते सगळं या वीस पावलांत काही घडू नये म्हणून.

एक अट आधीच सांगतो. तुम्ही अजून एकदाही कंट्रोल लाईन उडवलं नसेल, तर एकट्यानं सुरुवात करू नका. पहिली दहा-पंधरा उड्डाणं जाणत्या माणसाबरोबर करा. सरळ उड्डाण आणि उतरवणं अंगवळणी पडलं की मगच हा लेख कामाचा. आणि एकटे जाणार असाल तेव्हा घरी मैदानाचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा. फोन खिशात चार्ज केलेला हवा. प्रोपेलरनं कापलेल्या हाताला एका हातानं पट्टी बांधणं किती अवघड असतं, ते अनुभवून बघू नका.

मैदान आणि वारा

मैदानात शिरल्यावर पहिल्यांदा वर बघायचं. विजेच्या तारा जवळ दिसल्या तर मैदान बदला. तुमच्या हातात पोलादी तारा असतात, त्यांनी अकरा केव्हीच्या लाईनला स्पर्श केला तर सुटका नाही, आणि सोडवायलाही कोणी नाही. अमेरिकेतल्या ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या नियमात विजेच्या तारांपासून विमान किमान ५० फूट, म्हणजे १५ मीटर, लांब ठेवायला सांगितलंय. मी ते अंतर वर्तुळाच्या कडेपासून मोजतो आणि वर आणखी तेवढंच सोडतो. जूनमध्ये ढग गडगडायला लागले तर विमान पेटीतून काढायचंही नाही.

मग वर्तुळ आखा. क्रिकेटवाल्यांच्या फक्कीनं आखलं तर उत्तम. मधोमध एक खूण आणि बाहेरची कड. लाईन्स १५ मीटरच्या असतील तर हात आणि पंख धरून विमान साधारण १६ मीटरवरून फिरतं. मी २२ मीटरवर फक्की मारतो. ती रेघ बघणाऱ्यांसाठी असते. तुम्ही उडवत असताना पाठीमागून कोण येतंय हे सांगायला कोणी नसतं, पण पांढरी रेघ दिसली की माणूस निदान थबकतो. कुत्री आणि म्हशी थबकत नाहीत, त्यामुळं मैदानात ढोरं असतील तर ती जाईपर्यंत चहा घ्या.

वारा बेताचाच हवा. चिमूटभर सुकं गवत खांद्याच्या उंचीवरून सोडा. पायापासून दोन-तीन पावलांत पडलं तर चालेल. त्याहून लांब जात असेल तर नवख्यानं थांबावं.

आता वाऱ्याकडं पाठ करून मधल्या खुणेवर उभे राहा. नाकासमोर जी जागा येते तिथं वारा विमानाला तुमच्यापासून दूर ढकलतो, म्हणजे लाईन्स ताणलेल्या राहतात. बरोबर त्याच्या उलट, तुमच्या पाठीमागं, वारा विमानाला तुमच्यावर ढकलतो आणि लाईन्स ढिल्या पडतात. लाईन ढिली पडली की एलिव्हेटरवर तुमचा ताबा उरत नाही. म्हणून विमान जमिनीवरून उठतं तेव्हा ते नाकासमोरच्या भागात असायला हवं. सोडायची जागा नाकासमोरून उजवीकडं साधारण ४५ अंशांवर धरा. तिथून नाकासमोरच्या जागेपर्यंत कडेकडेनं बारा मीटर होतात, लहान विमानाला धावायला तेवढी जागा पुरते. तिथं वारा शेपटीकडून आणि थोडा आतल्या पंखाकडून येतो. रेडिओवाले मित्र म्हणतील, 'वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण घ्यायचं असतं!' त्यांचं विमान तारांना बांधलेलं नसतं.

स्टूज

माणसाच्या ऐवजी शेपटी धरून ठेवणाऱ्या साधनाला जगभरचे कंट्रोल लाईनवाले स्टूज म्हणतात. आपणही तेच म्हणू. काम एवढंच की शेपटी घट्ट धरायची आणि दोरी ओढली की लगेच सोडायची. विकतचे स्टूज परदेशात मिळतात, पण मला हार्डवेअरच्या दुकानातला चार इंची टॉवर बोल्ट पुरला, दारं-खिडक्यांना असतो तो. स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमच्या दांड्याला ओरखडे पडतात आणि तो अडकायला लागतो.

१८ मिलिमीटर प्लायवूडची एक पाटी, ३० बाय १५ सेंटिमीटर. तिच्यावर लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्यावर टॉवर बोल्ट आडवा बसवायचा. उंची अशी की बोल्टचा दांडा तुमच्या विमानाच्या शेपटीतल्या कडीच्या बरोबर समोर यावा. बोल्टची नळी आणि समोरचं दांडा घुसतं ते घर यांच्यात बोटभर फट ठेवा. शेपटीतली कडी त्या फटीत येते आणि दांडा तिच्यातून आरपार जाऊन पलीकडच्या घरात बसतो. दांड्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, त्यामुळं इंजिननं कितीही ओढलं तरी तो वाकत नाही. घर नसलेला, एका बाजूनंच धरलेला खिळा कधी वापरू नका. तो भाराखाली कलतो आणि कडी त्यावरून घसरून निसटते.

बोल्टची दिशा नीट समजून घ्या, कारण इथंच लोक चुकतात. विमानाचं नाक वर्तुळाच्या कडेकडेनं असतं आणि तुम्ही मधोमध, म्हणजे विमानाच्या डावीकडं. दोरी तुमच्याकडंच ओढली जाणार. म्हणून बोल्टचा दांडा तुमच्या दिशेनं उघडला पाहिजे, विमानाच्या धावेला काटकोनात. दोरी त्याच्या मुठीला बांधायची.

शेपटीतली कडी दोन मिलिमीटरच्या स्टील तारेची. टेलव्हीलचा पाय ज्या प्लायच्या तुकड्यावर बसवलाय त्यातच ती इपॉक्सीनं पक्की करा. नुसत्या बाल्साच्या हलक्या लाकडाला चिकटवलेली कडी पहिल्या रविवारी हातात येईल, शेपटीसकट.

पाटीला चार कोपऱ्यांत भोकं पाडून आठ मिलिमीटर सळईच्या फूटभर लांब खुंट्या तिरक्या ठोकायच्या, तंबूला ठोकतात तशा. डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर खुंटी जात नाही. तिथं पाटी मोठी करून तिच्यावर वाळूची पोती ठेवा आणि खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवा.

आता चाचणी. इंजिन चालू न करता विमान स्टूजमध्ये अडकवा. सामान तोलायचा जो हातात धरायचा काटा मिळतो, तो इंजिनमागच्या मजबूत भागाला सुती पट्टा लावून अडकवा आणि पुढं ओढा. अडीच सीसीच्या इंजिनसाठी मी तीन किलोपर्यंत ओढतो. तेवढा ताण असताना दुसऱ्या हातानं दोरी ओढून बघा. झटकन सुटलं पाहिजे. अडखळलं तर दांड्यावर मेणबत्ती घासा. दहा वेळा ओढा, दहाही वेळा सुटलं तरच मैदानावर न्या. नऊ वेळा सुटणारा स्टूज नापास.

शेवटची गोष्ट म्हणजे सेफ्टी पिन. बोल्टची नळी आणि दांडा दोन्हींतून आरपार जाईल असं एक आडवं भोक पाडा आणि त्यात तारेची पिन घाला, म्हणजे पिन असेपर्यंत दोरी कितीही ओढली तरी दांडा सरकणार नाही. पिनेला वीतभर लाल फीत बांधा. खऱ्या विमानांच्याही पिनांना अशाच लाल फिती असतात आणि कारणही तेच : काढायची राहिली तर दिसावी.

मधली खुंटी

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण माझ्या मते स्टूजइतकीच ही महत्त्वाची.

तुम्ही विमानापाशी असता तेव्हा हँडल कुठं असतं? गवतात पडलेलं. विमान चुकून सुटलं तर ते हँडल ओढत सरळ निघून जाईल. दोन तारा आणि एक हँडल मागं लटकवून जाणारं विमान कुठं थांबेल ते सांगता येत नाही. म्हणून वर्तुळाच्या मध्यावर एक दणकट लोखंडी खुंटी हवी, किमान फूटभर जमिनीत गेलेली आणि वर चार बोटं, टोकाला कडी. हँडलच्या मनगटपट्ट्याला आकडा लावून तो या कडीत अडकवायचा. विमान निसटलंच तर ते खुंटीभोवती फिरेल आणि वर्तुळातच कुठं तरी कोसळेल. विमान गेलं तरी चालेल, रेघेबाहेरचा माणूस वाचतो.

ही खुंटी किती पक्की हवी याचा अंदाज यावा म्हणून हिशोब सांगतो. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेचार सेकंदांत एक फेरी, म्हणजे वेग ताशी ७५ किलोमीटर. या वेगाला विमान स्वतःच्या वजनाच्या साधारण तिप्पट ताण देतं. सहाशे ग्रॅमच्या विमानाचा हाताला पावणेदोन-दोन किलोचा ओढा लागतो. झटका आला की त्याहून कितीतरी जास्त. ओल्या मातीत हातानं खुपसलेली खुंटी टिकत नाही.

हे मी माझ्याच खर्चानं शिकलोय. तेव्हा माझ्याकडं मधली खुंटी म्हणजे जेवणाचा एक जुना काटा होता, मातीत खोचलेला, त्यावर हँडल टांगलेलं. सेफ्टी पिन काढली, चालायला लागलो आणि सहाव्या-सातव्या पावलाला माझ्याच सोडायच्या दोरीत पाय अडकला. दोरी ताणली गेली, बोल्ट उघडला. मी गवतात पालथा पडलो होतो आणि इंजिनचा आवाज दूर दूर जाताना ऐकत होतो. काटा उपसून हँडल उड्या मारत माझ्या डोक्याजवळून गेलं. विमान मैदानाच्या कडेच्या बाभळीत सापडलं, पंख दोन ठिकाणी मोडलेला. हँडल त्याच्या मागं फांद्यांत गुंडाळलेलं होतं आणि जेवणाचा काटा आजपर्यंत मिळाला नाही.

तेव्हापासून दोरीचे माझे तीन नियम आहेत. दोरी गवंडी विटांची ओळ धरायला वापरतात ती, भगवी किंवा पोपटी, गवतात उठून दिसणारी. पतंगाचा मांजा चुकूनही नको. दुसरं, दोरी लाईन्सपेक्षा दोन-तीन मीटर जास्त लांब आणि जमिनीवर सैल पडलेली हवी. पाय लागला तरी ती ताणली जाऊ नये. तिसरं, स्टूजपासून वीतभरावर जमिनीत एक छोटी आकड्याची खुंटी ठोकायची आणि दोरी तिच्याखालून घ्यायची. दोरी वर उचलली गेली तर तिचा झटका या आकड्यावर येतो, बोल्ट सहजी सरकत नाही. ओढ सरळ रेषेत आली तरच उघडतो.

लाईन्स

हे पटकन सांगतो, कारण ज्यानं दहा-पंधरा उड्डाणं केलीत त्याला हे ठाऊक असणार. अडीच सीसीच्या विमानाला ०.३ मिलिमीटरची, पीळ दिलेली अनेक पदरी स्टीलची लाईन. रिळावरून उलगडताना तिला गाठीसारखा मोड पडला असेल तर ती लाईन टाकून द्या. मोड सरळ करता येतो, पण त्या जागची ताकद परत येत नाही. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक कोसळण्यानंतर ओढून बघा : बेलक्रँकच्या जागी पट्टा लावून विमान झाडाला अडकवा आणि हँडलला काटा लावून विमानाच्या वजनाच्या दहापट ओढा. सहाशे ग्रॅमला सहा किलो. तुटायचंच असेल तर ते झाडापाशी तुटू दे.

हँडलच्या 'अप' बाजूला लाल रंग लावा. उलटं धरलेल्या हँडलनं जितकी विमानं जमिनीत घुसवलीत तितकी वाऱ्यानं नसतील.

आता क्रमानं

१. लाईन्स जोडा, स्टूज ठोका, विमान अडकवा, सेफ्टी पिन घाला. विमानाचं नाक कडेच्या दिशेपेक्षा किंचित बाहेर वळलेलं ठेवा, म्हणजे धावताना ते लाईन्स ताणूनच धावेल.

२. इंजिन बंद असतानाच मध्यावर जा. हँडल घ्या, लाईन्स ताणा, अप-डाऊन करा आणि एलिव्हेटर खरंच त्याच बाजूला हलतोय ना ते डोळ्यांनी बघा. लाईन्स एकमेकींवर चढल्यात का, गवताच्या काडीत अडकल्यात का, तेही बघा.

३. एकदा कोरडा सराव करा. पिन काढा, चालत जा, हँडल घ्या, दोरी ओढा, बोल्ट उघडतो का पाहा. मग परत येऊन सगळं पुन्हा लावा. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी मी हे करतोच, वैताग आला तरी.

४. हँडल खुंटीला अडकवा, एलिव्हेटर किंचित 'डाऊन'कडं राहील असं. विमान चुकून सुटलं तर ते वर चढण्यापेक्षा जमिनीवरच नाक घासलेलं बरं.

५. टाकी भरा आणि इंधनाची बाटली वर्तुळाबाहेर नेऊन ठेवा. ग्लो इंजिनच्या इंधनात मिथेनॉल असतं. ते विषारी आहेच, शिवाय त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. डिझेल इंजिनवाल्यांच्या बाटलीत ईथर असतो, त्याला तर पेटायला निमित्तच हवं असतं.

६. डोळ्यांवर गॉगल, बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको. इंजिन समोरून सुरू करा, काठीनं किंवा स्टार्टरनं. बोटानं नाही.

७. सुरू झालं की बाहेरच्या, म्हणजे उजव्या पंखाच्या टोकाला वळसा घालून मागं या. प्रोपेलरवरून हात पुढं घालायचा नाही, काहीही झालं तरी. ग्लो प्लग तापवणारी बॅटरीची क्लिप मागून काढा, नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) मागून लावा. नीडल किंचित रिच, म्हणजे इंधन थोडं जास्त जाईल अशी, ठेवा. जमिनीवर तुमचा पाऊण मिनिट जाणार आहे, लीन इंजिन तेवढ्यात तापेल.

८. उभे राहा आणि चारी बाजूंना बघा. रेघेच्या आत कोणी नाही ना? असेल तर इंजिन बंद करा. हातवारे करत थांबू नका.

९. सेफ्टी पिन काढा. लाल फीत खिशात टाका.

१०. आता ती वीस पावलं. स्टूजच्या मागून निघा, दोरी आणि लाईन्स दोन्ही तुमच्या उजव्या हाताला राहतील अशा. त्या ओलांडायच्या नाहीत. पळायचं नाही. इंजिनचा आवाज ऐकत चाला. तो बदलला तर थांबून मागं वळून बघा.

११. खुंटीपाशी आल्यावर आधी मनगटपट्टा हातात, मगच आकडा सोडवायचा. उलट क्रमानं केलं तर मधल्या एका सेकंदाला विमान कोणालाच बांधलेलं नसतं. लाल बाजू वर. हात सरळ, अर्धं पाऊल मागं सरकून लाईन्स ताणा. पुन्हा एकदा अप-डाऊन, एलिव्हेटरकडं बघत.

१२. डाव्या हातात दोरी घ्या. हँडल न्यूट्रल. पुन्हा एकदा सभोवार नजर. सैलपणा गोळा करा आणि मग दोरी झटका न देता, एका दमात ओढा.

सुटल्यावर

दोरी लगेच टाका. हातात राहिली तर दुसऱ्या फेरीला ती तुमच्या पायांत असते. काही जण दोरी पायाला बांधून पाय मागं घेतात, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. त्यांना गोल फिरायचंच आहे हे ते विसरतात.

विमान दोन-तीन सेकंद धावेल. नवखा माणूस इथं घाई करून हँडल पूर्ण 'अप' करतो. विमान उभं चढतं, वेग संपतो, लाईन ढिली पडते. मनगट नव्हे, कोपरातून जरासं वर, बस्स. ते आपणहून उठेल. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर सरळ करा आणि दोन-तीन फेऱ्या तशाच होऊ द्या. तेवढ्यात खुंटीपासून दोन पावलं बाजूला व्हा, नाहीतर फिरता फिरता तिच्यावरच अडखळाल. नजर विमानावर. मागची झाडं बघायला गेलात की भोवळ येते.

लाईन ढिली वाटली तर विमानापासून लांब, मागं पळा. विचार नंतर करा.

फसलं तर

बोल्ट उघडलाच नाही तर काय? दोनदा ओढा. तरी नाही उघडला तर हँडल हातात घेऊन उभे राहा आणि टाकी संपू द्या. पाच-सहा मिनिटं वाया जातात, इंजिन तापतं, कान दुखतात. पण दांड्यावर ताण असताना, कोणत्या क्षणी सुटेल हे माहीत नसताना, त्या विमानाजवळ जाऊ नका. मलाही मोह होतो. 'जरा बोटानं टोकरलं की सुटेल' असं वाटतं. ते सुटतं, आणि तेव्हा हँडल धरायला मध्यावर कोणी नसतं.

तुम्ही चालत असतानाच विमान सुटलं तर पकडायला धावू नका. तुम्ही वर्तुळाच्या आत आहात आणि ताणलेल्या तारा तुमच्याकडं फिरत येतायत. जमिनीवर आडवे व्हा, डोकं हातांत, आवाज थांबेपर्यंत. मधली खुंटी तिचं काम करेल.

धावताना इंजिन बंद पडलं तर 'अप' देऊ नका, जमिनीवरच राहू द्या. नुकतंच उठलेलं असेल तर मागं सरकत लाईन्स ताणून धरा आणि सरळ उतरवा.

मोटार असेल तर

आता बरेच जण इलेक्ट्रिक मोटार वापरतात आणि एकट्या माणसाला ती खरंच सोयीची आहे. टायमरमध्ये सुरुवातीचा थांबा लावता येतो. बटण दाबलं की ठरलेल्या सेकंदांनी मोटार चालू. म्हणजे ती वीस पावलं प्रोपेलर बंद असताना चालता येतात. पण म्हणून स्टूज सोडू नका. मोटार आधी हळू फिरून मग वेग घेते आणि तेवढ्यात लाईन्स ढिल्या असतानाच विमान सरपटायला लागतं. थांबा ४०-४५ सेकंदांचा ठेवा. काही अडलं, पट्टा सापडेना, रेघेच्या आत कोणी आलं, तर मोटार तुमची वाट बघणार नाही. अशा वेळी विमानाकडं न जाता हँडल खुंटीलाच राहू द्या, दोरीला हात लावू नका आणि टायमरचा ठरलेला वेळ संपून मोटार बंद होईपर्यंत बाजूला थांबा. इंजिन निदान आवाजानं सांगतं की मी जागा आहे. शांत पडलेली मोटार तसं काही सांगत नाही. म्हणून बॅटरीची जोडणी सगळ्यात शेवटी, आणि तीही प्रोपेलरच्या मागे उभं राहून.

उतरल्यावर

स्टूज वर्तुळाच्या कडेवरच ठोकलेला असतो हे विसरू नका. उतरल्यावर विमान त्याच्यावर जाऊन आदळू शकतं. शक्य असेल तर स्टूज ओलांडल्यावर लगेच टेकवा, म्हणजे पुढं जवळजवळ अख्खी फेरी मोकळी मिळते.

विमान थांबलं तरी हँडल खाली ठेवू नका. प्रोपेलर थांबलेला दिसू द्या, मग आकडा खुंटीला, मग पट्टा मनगटातून बाहेर. दुसऱ्या उड्डाणाआधी पुन्हा गवत सोडून वारा बघा. ऊन चढू लागलं की तो बऱ्याचदा फिरतो. फिरला असेल तर चार खुंट्या उपटून स्टूज नव्या जागी न्यायचा. कंटाळा येतो, पण वारा जुनाच धरून सोडलेलं विमान पहिल्याच फेरीत डोक्यावर येतं.

घरी गेल्यावर टॉवर बोल्ट फडक्यानं कोरडा पुसा. इंधनातल्या एरंडेलाचा थेंब राहिला की त्यावर मैदानाची धूळ बसते आणि पुढच्या रविवारी दहातली एक ओढ अडखळते.